गोठ्यातच पंधरा मिनिटांत निदान? ब्रुसेला, लेप्टो, माकडताप आणि सोन्याच्या कणांच्या पट्ट्या

शिरूरची_लेक

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत महिना गेला, आज बसलेच.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शिरूर तालुक्यात वस्तीवर राहतात. दावणीला अकरा जनावरं, त्यात आठ संकरित गायी. मी धायरीला असते. गणपती उठले आणि अण्णांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम असा फुटायचा की बनियन पिळून घ्यावं. दिवसा माणूस हिंडताफिरता. मधेच आठवडाभर ताप गायब, आम्ही म्हणायचो सुटलो, की पुन्हा तेच. कंबर मात्र धरलेलीच.

आधी टायफॉइड म्हणून दहा दिवस सलाइन झाली. मग पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आणलं. एमआरआयमध्ये मणक्याला सूज दिसली, टीबी असणार म्हणून गोळ्या सुरू झाल्या. थोडा उतार, पुन्हा ताप. असे साडेतीन महिने. शेवटी राउंडला आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "काकू, घरी जनावरं आहेत का? एखादी गाय गाभडली का हल्ली?" आई म्हणाली, "श्रावणात दोन गाभडल्या की. जार अडकली होती, यांनीच हात घालून काढली." त्याच दिवशी रक्त पाठवलं. ब्रुसेला निघाला, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूचा ताप.

साडेतीन महिन्यांत अण्णांच्या रक्ताच्या किती बाटल्या गेल्या, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझा राग त्याच्यावर आहे.

आता माझा प्रश्न. करोनात आपण घरबसल्या नाकात काडी फिरवून पंधरा मिनिटांत निकाल बघत होतो. जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या आजारांसाठी असं काही आहे का? नॅनो किट, सोन्याच्या कणांची पट्टी असं वाचनात आलं. ते गोठ्यात चालतं का? श्रावणात ती गाय गाभडली तेव्हाच पट्टी लावली असती तर?

गोठाडॉक्टर

ताई, उत्तराआधी दोन कामं. आई, भाऊ, वहिनी, धारा काढणारा गडी, जार-वासराला हात लावलेल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, ताप नसला तरी. आणि घरात कच्चं दूध, कच्च्या दुधाचा चीक-खरवस, काहीही नको. दूध उकळूनच.

मी ३१ वर्षं पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली, जुन्नर आणि शिरूर दोन्ही तालुके पायाखालचे. या रोगाला आमच्याकडे सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, जार अडकते, मालक हात घालतो. गाभडलेल्या गाईच्या जारेत आणि त्या पाण्यात जंतू कोट्यवधींनी असतात. हाताला साधा चरा असला तरी पुरतो, डोळ्यात थेंब उडाला तरी पुरतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मलाही झाला होता, तेव्हा हातमोजे दवाखान्यात असायचे आणि गाय असायची चार किलोमीटर आत. अण्णांच्या पहाटेच्या घामाचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. तो घाम मला ओळखीचा आहे.

गोठ्यातली झटपट तपासणी नवी नाही. रोज बेंगाल म्हणून एक आहे. काचेवर जनावराच्या सीरमचा (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) एक थेंब, शेजारी गुलाबी अँटिजेनचा (रंगवलेले मेलेले जंतू) एक थेंब, काडीनं कालवायचं, चार मिनिटं काच हलवत राहायची. रोग असेल तर गुलाबी रंग फाटतो, बारीक रवाळ दाणे धरतो. दुधावरची रिंग टेस्ट वेगळी: नळीत दूध आणि निळा अँटिजेन, तासभर उबेला ठेवायचं. वर येणाऱ्या सायीचं कडं निळं झालं तर संशय घ्यायचा. स्तनदाह असेल किंवा गाय नुकती व्यालेली असेल तर मात्र हीच फसवते.

सोन्याच्या पट्ट्याही बाजारात आहेत. पण एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एस-१९ ही लस देतात. त्या लशीच्या प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडी, जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) रक्त पुढेही 'हो' म्हणू शकतं. त्यामुळे पट्टी लावण्याआधी कानातला बिल्ला आणि लसीची नोंद बघायची. नाहीतर निरोगी गाय बदनाम होते.

भोरकर

पिशवीच्या दुधातून ब्रुसेला येतो का? घरी लहान मूल आहे.

गोठाडॉक्टर

पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद जातं, जंतू मरतो. सुटं घेत असाल तर चांगली उकळी येऊ द्या, मग काळजी नको.

पाषाणवासी

ताई, आधी अण्णांना लवकर आराम पडो.

मी रसायनवाला. आठ वर्षं अशाच पट्ट्या बनवणाऱ्या गटात काम केलं, म्हणून "सोन्याचे कण" म्हणजे काय ते सविस्तर सांगतो. ते डोळ्यांनी पाहिलं की माणूस विसरत नाही.

काचेचा चंबू अम्लराजानं (दोन तीव्र आम्लांचं मिश्रण) धुवून लखलखीत करायचा, कारण आतला एक डागही सगळं बिघडवतो. त्यात सोन्याच्या क्षाराचं अगदी पातळ, फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं. उकळी धरली की सोडियम सायट्रेट ओतायचं. आधी पिवळेपणा जातो, पाणी नितळ दिसतं. मग एकदम काळसर-निळं होतं, पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं बिघडलं. आणि दोन-चार मिनिटांत ते जांभळ्यातून कोकमाच्या सारासारखं लाल होतं. ही पद्धत १९५१ सालची, टर्केविचची. सोन्याच्या अशा लाल द्रावणाचा पहिला शास्त्रीय अभ्यास फॅरेडेनं १८५७ मध्ये केला.

लाल का? कण एवढे लहान की ४० नॅनोमीटरचे दोनेक हजार कण ओळीनं ठेवले तर केसाची जाडी भरेल. एवढ्या छोट्या कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हलतात आणि हिरवा भाग गिळून टाकतात. उरतो तो लाल. कण एकमेकांना चिकटले की तोच रंग निळा-जांभळा होतो. द्रावणात मिठाचं पाणी टाका, डोळ्यांसमोर निळं पडतं. या मिठाचाच आम्ही मापासारखा उपयोग करायचो. कणांवर प्रतिपिंडांचा थर पुरेसा बसला असेल तर मीठ टाकूनही लाल टिकतो, कमी बसला तर निळा होतो. बारा नळ्या ओळीनं लावायच्या आणि लाल कुठून टिकतो ते बघायचं. पट्टीचं अर्धं यश त्या ओळीत ठरतं.

मग हे लाल कण एका पॅडवर वाळवून ठेवतात. आपण थेंब टाकतो, थेंब कागदातून पुढे सरकतो आणि कण सोबत घेऊन जातो. वाटेत नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावर एक अदृश्य रेघ आखलेली असते. ओळखीचं काही सापडलं तर कण तिथं अडकतात, गर्दी होते, रेघ लाल दिसते. पुढची दुसरी रेघ फक्त एवढंच सांगते की थेंब शेवटपर्यंत पोचला. ती उमटली नाही तर पट्टी फेकून द्यायची, निकाल वाचायचाच नाही.

अडचणही इथंच आहे. रेघ डोळ्याला दिसण्यासाठी तिथं पुष्कळ कण जमायला लागतात. रोगाचा अंश कमी असेल तर कण जमतात पण दिसत नाहीत. म्हणून नवी धडपड चालू आहे: सोन्यावर चांदीचा थर चढवून रेघ गडद करणं, सोन्याऐवजी चकाकणारे क्वांटम डॉट वापरणं (२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांनाच), चुंबकीय कणांनी नमुन्यातला जंतू आधी गोळा करून मग पट्टीवर सोडणं. मला स्वतःला शेवटचा मार्ग गोठ्यासाठी सगळ्यात कामाचा वाटतो, कारण त्याला यंत्र लागत नाही.

मायक्रो_एमएस्सी

पाषाणवासी सर, उलटही होतं ना? प्रतिपिंड फारच जास्त असले तर?

पाषाणवासी

बरोबर. याला हूक इफेक्ट म्हणतात. एवढी गर्दी होते की कणांवरच्याही जागा भरतात आणि रेघेवरच्याही, मग दोघांना जोडणारा दुवा उरत नाही. रेघ फिकी किंवा गायब. जनावर रोगानं भरलेलं आणि पट्टी म्हणते काही नाही. लक्षणं स्पष्ट असून पट्टी कोरी आली तर सीरम पातळ करून पुन्हा लावावं.

लॅबवाले_काका

कोथरूडला माझी छोटी लॅब आहे. ताईंच्या रागाबद्दल लिहितो, कारण तो राग योग्य जागी आहे.

पहिलं, टीबीच्या गोळ्यांनी अण्णांना थोडा उतार का पडला? त्यात रिफाम्पिसिन असतं. ब्रुसेलाच्या उपचारातही डॉक्सीसायक्लिनच्या जोडीला तेच असतं, किमान सहा आठवडे. म्हणजे अर्धा उपचार नकळत सुरू होता आणि त्या अर्ध्या उतारानंच सगळ्यांची फसगत केली.

दुसरं, पट्टीचं गणित. वहीवर मांडून बघा. समजा पट्टी चांगली आहे: शंभर आजारी जनावरांतली ९० पकडते आणि शंभर निरोगींपैकी ९५ ना निरोगी म्हणते. आता तालुक्यातली सरसकट १००० जनावरं घ्या, त्यात १० आजारी. पट्टी ९ पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोगींपैकी जवळपास ५० नाही उगाच लाल रेघ येईल. एकूण ५९ रेघा, खऱ्या फक्त ९.

आता तीच पट्टी फक्त गर्भपात झालेल्या गोठ्यांत न्या. तिथं १००० मधली ३०० आजारी धरू. पट्टी २७० पकडेल, उरलेल्या ७०० मधल्या ३५ ना चुकून रेघ. एकूण ३०५, त्यात खऱ्या २७०. पट्टी बदलली नाही, कागद तोच, सोनं तेच. बदलला तो आधी विचारलेला प्रश्न. "गाय गाभडली का?" हा त्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न म्हणजे निम्मी तपासणी होती.

तिसरं, वेळ. बऱ्याच पट्ट्या जंतूला नाही, आपल्या शरीरानं तयार केलेल्या प्रतिपिंडांना शोधतात. लेप्टोत (उंदीर-जनावरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून लागणारा ताप) हे प्रतिपिंड साधारण पाचव्या-सातव्या दिवसापासून दिसायला लागतात. मुळशीत भातलावणी करून आलेला माणूस तापाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतो, पट्टी कोरी येते आणि तो निर्धास्त घरी जातो. मी हल्ली अशा रिपोर्टवर हातानं लिहितो: "ताप राहिल्यास पाच दिवसांनी पुन्हा." आणि डॉक्टरांना फोन करतो की संशय असेल तर औषध पट्टीसाठी थांबवू नका.

आणि ब्रुसेला लॅबमध्ये वाढवणं सोपं नाही. कल्चरला दिवस, कधी आठवडे लागतात. लॅबमधल्या माणसांना लागण होणाऱ्या जंतूंत हा वरच्या नंबरात आहे. नमुना पाठवताना "ब्रुसेला संशय" असं ठळक लिहा, आमच्या पोरांचा जीव वाचतो.

हडपसरकर

लॅबवाले काका, गणित आवडलं. मी इतिहासाचा मास्तर, माझ्या बाजूनं थोडं.

आमच्या हडपसरला ससाणे मळा आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी तिथं दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून तिथं आणलं, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण पुण्यात रोगी ओळखायचा कसा? काखेत-जांघेत गाठ आहे का ते बघायचं, एवढंच. म्हणून सोल्जर घराघरांत शिरले, देवघरात बूट घेऊन गेले, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासलं. पुढे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली ते आपण शाळेत शिकतो. रोगी ओळखायचं साधं साधन नसलं की संशयाचं ओझं सगळ्या वस्तीवर पडतं, हे मला त्या वर्षाकडे बघून कळलं.

प्लेगसाठी अशी सोन्याच्या कणांची पट्टी खरंच झाली आहे. मादागास्करमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लोकांनी केली, २००३ मध्ये छापून आली. गाठीतलं पाणी घ्यायचं, पट्टी बुडवायची, पंधरा मिनिटं. ती थेट जंतूच्या आवरणातला एफ-१ हा पदार्थ पकडते, प्रतिपिंडांची वाट बघत नाही. खेड्यातल्या दवाखान्यात चालली. पाठीवर आणलेल्या त्या मुलाच्या गाठीचा एक थेंब आणि पंधरा मिनिटं, हे वाचलं त्या दिवशी मी वर्ग अर्धा सोडून तेच शिकवलं.

सावंतवाडीची

मी पुण्यात नोकरीला, माहेर सिंधुदुर्ग. आमच्याकडे २०१६ पासून माकडताप आहे, दोडामार्गात सुरू झाला. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करायला गेलेली माणसं तापानं आडवी. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पाचोळ्यात बसतात. मूळ रोग शिमोग्याकडचा, क्यासनूर जंगलातला, १९५७ मध्ये इथल्या पुण्याच्याच संस्थेनं शोधला. तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर, आताची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था.

सुरुवातीला रक्त पुण्याला पाठवायचं आणि वाट बघायची. माझ्या मामाचा रिपोर्ट आला तेव्हा मामा कामावर परत गेला होता. आता गोव्यातल्या मोलबायोचं ट्रूनॅट यंत्र आहे, बॅटरीवर चालतं, तासाभरात सांगतं. ते पट्टीसारखं नाही, छोटा पीसीआरच आहे, थेट जंतूच शोधतो. तापाच्या पहिल्या दिवसांत जंतूच रक्तात असतो, प्रतिपिंड नंतर येतात, म्हणून या तापाला तेच हवं. पण मेलेलं माकड दिसलं की कळवायचं, हे यंत्रापेक्षा आधीचं. आमच्या गावात आता शाळेतली पोरंसुद्धा सांगतात.

तळजाईकर

कुत्रा चावला तर कुत्र्याला पट्टी लावून रेबीज कळतो का? टेकडीवर परवाच एकाला चावला, त्यांनी हेच विचारलं.

गोठाडॉक्टर

नाही, आणि हा विचारही करू नका. जिवंत कुत्र्यात रेबीज नाही असं खात्रीनं सांगणारी पट्टी नाही. खात्रीचं निदान मेलेल्या जनावराच्या मेंदूवर होतं. जखम नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, लगेच दवाखाना, लस, आणि जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). त्या गृहस्थांना आजच्या आज पाठवा. गेले की इथं कळवा.

तळजाईकर

गेले. पहिली लस झाली, पुढच्या तारखा कार्डावर लिहून दिल्यात.

पाषाणवासी

राहिलेलं सांगतो, शिरूरच्या ताईंच्या "गोठ्यात चालतं का" वर. पट्ट्यांच्या पाकिटावर साधारण २ ते ३० अंश लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये शिरूरला पारा चाळिशीला टेकतो, आणि डॉक्टरांच्या मोटरसायकलच्या डिकीत तर त्याहून जास्त. कणांवरचे प्रतिपिंड हे प्रथिन आहे, उष्णतेनं निकामी होतं. आम्ही एकदा मुद्दाम काही पट्ट्या उन्हात उभ्या गाडीत आठवडाभर ठेवल्या होत्या. नियंत्रण रेघ (वर सांगितलेली ती दुसरी) नीट आली, पण तपासणीची रेघ इतकी फिकी की तिरप्या उजेडात धरावी लागली. पाकीट फोडलं की लगेच वापरा, आतली सिलिकाची पुडी ओली वाटली तर पट्टी टाकून द्या. आणि निकाल सांगितलेल्या वेळेतच वाचा. पट्टी वाळत गेली की तासाभरानं उगाच एक सावली दिसते, लोक त्याला रेघ समजतात.

शिरूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय.

लॅबवाले काकांचं गणित भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या गोठ्यातली रेघ खोटी निघायची शक्यता कमी." हो म्हटलं. गोठाडॉक्टर स्वतः रविवारी सकाळी वस्तीवर आले, बरोबर काच, गुलाबी बाटली आणि हातमोज्यांचं अख्खं खोकं. रक्त घेतलं, नळ्या गोठ्याच्या वळचणीला उभ्या करून सीरम सुटायची वाट बघितली. आईनं तोवर चहा केला, काळा, कारण दूध उकळायला ठेवलं होतं आणि डॉक्टर म्हणाले, नीट उकळी येऊ द्या.

अकरापैकी तिघींच्या थेंबात दाणे धरले. गाभडलेल्या दोघी त्यात आहेत. त्यातली गौरी अण्णांची लाडकी, तिचा थेंब तर काच दोनदा हलवली तोवरच फाटला. तिसरी पहिलारू आहे, तिच्या बिल्ल्यावरून नोंद काढली तर कालवड असताना एस-१९ दिलेली निघाली, म्हणून तिचं रक्त वेगळ्या तपासणीसाठी औंधला रोग अन्वेषण विभागाकडे दिलंय. दोघींना मागच्या पडवीत वेगळं बांधलंय. आईच्या आणि गड्याच्या रक्तात काही नाही. भावाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्याला ताप नव्हता, फक्त सांधे दुखतात म्हणायचा. त्याचा इलाज सुरू झाला. अण्णांचा आज एकोणतिसावा दिवस, पहाटे बनियन कोरडं असतं.

गौरीचं पुढे काय करायचं ते अजून अण्णांना सांगितलेलं नाही.

शेजारच्या चार गोठ्यांनीही नावं दिलीत, त्यातल्या दोन ठिकाणी यंदा गाई गाभडल्या आहेत. गोठाडॉक्टर, येत्या रविवारी नळ्या किती आणू? आणि हातमोजे आपल्याला लागतील तेवढेच आणू की प्रत्येक गोठ्यात एकेक खोकं ठेवून येऊ?